माईच्या मापाची सीट

"पण या बॅगेत होतं तरी काय?" पोलिसाने पुन्हा विचारलं.

"स्वेटर," अण्णा म्हणाले. "आणि गुडघ्याचं तेल."

पोलिसाने अण्णांकडे पाहिलं, मग गाडीच्या मागच्या दाराच्या फुटलेल्या काचेकडे, आणि मग त्या साखळीकडे. चांगली जाडजूड साखळी होती. तिचं एक टोक बॅगेच्या कडीत, दुसरं ड्रायव्हरच्या सीटखाली, आणि दोन्ही सांधणारं भलंमोठं पितळी कुलूप. जन्मभर रेल्वेच्या बाकाला बॅग बांधून झोपलेला माणूस परदेशातल्या तळ्याकाठी गाडी लावून फिरायला गेला, म्हणून काय सवय सोडतो? माईने तेव्हाच म्हटलं होतं, "अहो, बंद गाडीत कशाला साखळी?" त्यावर अण्णा म्हणाले होते, "असू दे. कोणाचा काय भरवसा!"

चोराने काचेतून साखळी पाहिली आणि आत घबाड आहे असं त्याला वाटलं. त्यात त्याचं काय चुकलं? काच फोडून तो आत शिरला, पहार घालून त्याने जीव खाऊन ओढाओढ केली. साखळी तुटली नाही, कुलूप उघडलं नाही. वाकली ती सीटखालची पट्टी. सीट सरकत थेट मागे गेली आणि तिथे जी रुतली ती रुतलीच.

"कुलूप मात्र बघ, एक ओरखडा नाही," अण्णा म्हणाले. माईचा चेहरा पाहून पुढचं कौतुक त्यांनी गिळलं.

कारण गाडी माई चालवत होती. अण्णांची नजर अधू झाल्यापासून त्यांनी चाकाला हात लावलेला नव्हता. माईची उंची बेताची. त्या मागे गेलेल्या सीटवर ती बसून पाहायची तर तिचा पाय ब्रेकला जेमतेम चाटून यायचा. तिने पुढे सरकून पाहिलं, कडेवर टेकून पाहिलं, काही जमेना.

फोन अण्णांनीच केला. माई नको नको म्हणेपर्यंत मुलाचा आवाज गाडीभर घुमायलासुद्धा लागला.

"मी म्हटलं होतं ना? म्हटलं होतं की नाही?"

"अरे, काही गेलं नाही. बॅग आहे," अण्णा म्हणाले.

"बॅग राहू दे बाबा! तुम्ही दोघं तिथेच बसा. माझा एक मित्र त्याच बाजूला निघालाय, तो सोडेल मला. गाडी मी आणतो. आणि आई, पुरे झालं आता हे. हौस झाली ना?"

तो शब्द माईला झोंबला. हौस! मुलाकडे वर्षातला अर्धा काळ राहायचं, म्हणजे अर्धं वर्ष खिडकीपाशी बसायचं. तिथे चालत जाण्याजोगं काही नव्हतं. साधी कोथिंबीर आणायची तरी कोणाला वेळ आहे याची वाट पाहायची, वाचनालयात जायचं तर सुनेचा मूड पाहायचा. सून काही वाईट नव्हती, मुलगाही नव्हता; दोघं कामात गळ्यापर्यंत बुडालेली. म्हणून माईने तिथलं लायसन काढलं, तेही पहिल्या फटक्यात. सुनेची जुनी गाडी अंगणात पडून होती. मोठ्या मिनतवारीने मुलगा तयार झाला होता: एकदा दोघं लांब जाऊन धडपणे परत या, मग गाडी आईची. नाहीतर विषय बंद.

आणि परतीच्या वाटेवर हे असं झालं होतं.

"त्याला यायला अजून बराच वेळ आहे," माई म्हणाली. "तोवर गॅरेज शोधू."

गॅरेज तळ्याच्या रस्त्यालाच होतं. तिथला मेकॅनिक गाडी ओढून घेऊन गेला. मोठ्या मिशांचा, अंगाने आडवा, बोलायला कंजूष माणूस. अण्णांची तिथली भाषा पुस्तकी, माईची कामापुरती. उरलेलं हातवाऱ्यांवर भागत होतं. काचेच्या जागी त्याने जाड प्लॅस्टिक ताणून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. मग तो सीटखाली डोकं घालून बराच वेळ पडून राहिला.

"पट्टी गेली," तो बाहेर येऊन म्हणाला. "नवी मागवावी लागेल. पुढच्या आठवड्यात या."

"आज जायचंय," माई म्हणाली.

"आज पुढेमागे सरकणार नाही."

"न सरकली तरी चालेल. मला सरकवायची नाहीच. एका जागी पक्की बसव, बस."

मेकॅनिकने मिशीवरून हात फिरवला. पुन्हा खाली वाकून त्याने पाहिलं. सीट धरून ठेवणारे पट्टीचे दाते तुटलेत, तो म्हणाला, पण सीट काढून पट्टी ठोकून सरळ केली, नवे बोल्ट घातले, तर एका जागी घट्ट बसेल, धोका नाही. पण एकाच जागी. नवी पट्टी येईपर्यंत हलणार नाही. मग त्याने अण्णांना खूण केली. "बसा साहेब. कुठे पक्की करू ते सांगा."

अण्णा जागचे हलले नाहीत. मुलगा वाटेत होता. मुलगा चांगला सहा फुटी. त्याच्या मापाने बसवली तर घरी जाईपर्यंत कोणाची चूक, कोणाची जिद्द, कशाचीच चर्चा होणार नव्हती. मुकाट मागे बसून जाता आलं असतं. माईने त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत अण्णा मुलाच्या शब्दाबाहेर कधी गेले होते?

"मी नाही," अण्णा मेकॅनिकला म्हणाले. "गाडी ही चालवते. हिच्या मापाने बसव."

"अहो, पण तो..."

"तो बसेल मागे. साखळी मी बांधली. आता तुला बांधून घालणारही मीच, असं नको व्हायला."

माई बसली. मेकॅनिकने सीट पुढे ढकलत आणली. "इथे?" "अजून थोडी." "इथे?" "अजून." ब्रेकवर पूर्ण पाऊल आलं, गुडघा हलका वाकला, हात चाकावर सैल पडले. माई टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. साऱ्या गावाला गावोगावी जोडून देताना तिच्या खुर्चीखाली एक लाकडी खोकं असायचं, पाय लोंबू नयेत म्हणून. स्वयंपाकाचा ओटा सासूबाईंच्या उंचीचा होता, कपाटाची वरची फळी अण्णांच्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिला विचारत होतं की तुला कुठे बरं वाटतं, आणि तिथे बोल्ट आवळत होतं. तिला रडू आलं, आणि त्या परक्या माणसासमोर रडायची लाज वाटली म्हणून ती जोरात म्हणाली, "इथे! बास! आवळ!"

फोनवर पत्ता विचारत मुलगा गॅरेजवर पोचला तेव्हा मेकॅनिक हात पुसत होता. मुलाने दोघांना नीट न्याहाळलं, आईच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "चावी दे."

माईने निमूट चावी दिली.

त्याने दार उघडलं, एक पाय आत घातला आणि अडकला. तिरका होऊन दुसरा पाय घातला. गुडघे स्टिअरिंगला टेकले, हनुवटी गुडघ्यांना. डोकं छताला घासलं आणि कोपराने हॉर्न वाजला.

"सीट मागे कशी घ्यायची?"

"घ्यायची नाही," अण्णा म्हणाले. "पक्की आहे. तुझ्या आईच्या मापाची."

"म्हणजे ही गाडी आता..."

"आईच चालवणार. तू मागे बस. जागा ऐसपैस आहे."

मेकॅनिक एरवी बोलत नव्हता, पण या प्रसंगी तो इतका हसला की मिशा थरथरल्या. मुलगा कसाबसा बाहेर निघाला. मग त्याने चावी आईच्या हातावर ठेवली आणि मागे जाऊन प्लॅस्टिकच्या बाजूला बसला. अण्णा पुढे माईशेजारी बसले.

सुरुवातीला मागून सूचना येत होत्या. "आई, डावीकडे ट्रक आहे." "दिसतोय." "आई, पुढे वळण आहे." "तेही दिसतंय." "आई, जरा हळू..." "अरे, हळूच आहे, तुझं काळीज जोरात चाललंय." अण्णा खिडकीबाहेर तोंड करून हसत होते. मग मोठा रस्ता लागला. गाड्या दोन्ही बाजूंनी सुसाट जात होत्या, प्लॅस्टिक फडफडत होतं आणि माई आपल्या वेगाने, आपल्या पट्ट्यातून, ताठ बसून चालली होती. पाय दुखत नव्हते, पाठ दुखत नव्हती. असंच पुढच्या गावापर्यंत, त्याच्याही पुढे जावं असं तिला वाटत होतं.

बऱ्याच वेळात मागून काही सूचना आली नाही.

"रागावला का हो?" तिने हळूच विचारलं.

अण्णांनी मान वळवून पाहिलं. मुलाचं डोकं मागे टेकलेलं होतं, तोंड उघडं, हात मांडीवर सैल. कानाशी प्लॅस्टिक एवढं वाजत होतं, पण तो गाढ झोपला होता.

"नाही गं," अण्णा म्हणाले. "तू चालव."