जीपसोबत गेलेला पोरगा

मलकापूरच्या मालधक्क्यावर जीप उतरलीच नव्हती. धक्क्यावरच्या बाबूने हे जनकाबाईला दोनदा सांगितलं. तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "बाई, जीप काय सुई आहे का? आली असती त दिसली असती मले. आज नाही आली, कालबी नाही."

"आन् तिच्यासंगं माणूस होता, त्याचं काय?"

"गाडीच नाही त माणूस कुठून येईन?"

जनकाबाई बाजूला होऊन कठड्याला टेकली. साखरखेर्ड्याहून आदल्या दिवशी निघून तिने मुक्काम स्टेशनातच केला होता. पोरगा उतरेल तेव्हा भुकेला असेल म्हणून फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता. आता ते फडकं हातात धरून ती रुळांकडे बघत राहिली.

तिचा नवरा सहदेव फौजेत मोटारी चालवायचा. तो तापाने गेला आणि त्याच्या फंडाचे पैसे घरात आले, तेव्हा भावकीतल्या प्रत्येकाला त्या पैशांचं काय करायचं ते तिच्यापेक्षा जास्त कळत होतं. जनकाबाईने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पुण्याच्या लष्करी लिलावातली एक जुनी जीप आपल्या नावावर घेतली. एकुलता एक लेक जानराव बापाच्या हाताखाली गाडी शिकलेला होता. साखरखेर्डा ते मेहकर सवाऱ्या न्यायच्या, दुसऱ्याच्या वावरात राबायचं सोडायचं, एवढाच बेत. पण लिलावातल्या जीपला अजून नंबर नव्हता, म्हणून ती रस्त्याने आणता येत नव्हती. ती पुण्याहून मालगाडीवर चढवून मलकापूरला उतरवायची, असं ठरलं आणि ते काम रंगराव दलालाने घेतलं.

रंगराव हा मलकापुरात गाड्या, इंजिनं, मशीनं इकडून तिकडे पाठवून देणारा माणूस. पांढरं धोतर, काळी टोपी, आणि बोलणं इतकं गोड की भाडं मोजून देणाऱ्यालाच वाटावं, आपल्यावर उपकार झाले. "पोऱ्याले जीपमधीच बसू द्या, बाई," तो म्हणाला होता, "रेल्वेवाले मालासोबत एक माणूस चालू देतात. रस्त्यात कोणी टायर काढून नेले त मी काय करू?" काळजी वाहणारा माणूस म्हणून त्याच दिवशी जनकाबाईचा त्याच्यावर भरवसा बसला. अशा माणसांवर बसतो तसाच बसला.

धक्क्यावरून ती तडक त्याच्या पेढीवर गेली. पेढी कापसाच्या जिनला लागून होती. रंगरावाने तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. "भुसावळले मालगाडीची वाघीण अटकली, बाई," तो म्हणाला. "इंजिन मोकळं नाही. उद्या नाही त परवा येईन. पोऱ्या मजेत आहे, काही घोर करू नका."

तिला ते खरं वाटावं असं फार वाटत होतं. ती 'बरं' म्हणून उठली आणि तोंडावर पाणी मारावं म्हणून जिनच्या मागच्या हौदाकडे वळली.

हौदाच्या पलीकडे कापसाच्या गठाणी रचल्या होत्या, आणि दोन थप्प्यांच्या मध्ये ताडपत्रीखाली एक गाडी उभी होती. ताडपत्री एका बाजूने वर सरकली होती. आत हिरवट रंगाची जीप. पुढे नंबराची पाटी, त्या पाटीचा रंग अगदी नवा. मागच्या बाजूला घडी न करता फेकलेली गोधडी होती. ती गोधडी जनकाबाईने सहदेवच्या जुन्या फौजी सदऱ्यांचे तुकडे जोडून शिवली होती, अशी दुसरी जगात नव्हती. आपली जीप तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ती अशी.

ती जवळ गेली. मागे पत्र्याचे डबे होते, तोंडं मेणाने बंद केलेली. एक डबा झिरपत होता आणि त्याचा वास नाकाला झोंबत होता. दारूबंदीच्या दिवसांत तो वास कशाचा हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणजे जीप मालगाडीवर चढलीच नव्हती. रेल्वेचं भाडं रंगरावाने खिशात घातलं, खोटा नंबर लावून जीप रस्त्याने आणली आणि येता येता आपला धंदाही करून घेतला.

हे सगळं तिला कळलं, आणि दुसऱ्याच क्षणी ते सगळं ती विसरली. कारण पुढच्या सीटखाली जानरावच्या चपला होत्या. दोन्ही. माणूस चहाला उतरला, लघवीला उतरला, तरी पायात चपला घालून उतरतो. जीपच्या दांड्याला धरून ती तशीच उभी राहिली.

परत पेढीवर आली तेव्हा रंगरावासमोर एक आडदांड माणूस चहा पीत बसला होता. इंद्रभान, रंगरावाचा ड्रायव्हर. जीप यानेच आणली हे त्याच्या धुळीने माखलेल्या मिशाच सांगत होत्या.

आता तिने ओरडायला हवं होतं, की मही जीप चोरली, भाडं खाल्लं, चार लोक जमवा. रंगराव तेवढ्याची तयारी करून बसलेला होता आणि तेवढ्यालाच तो थोडाफार भीतही होता. पण तिच्या तोंडून जीपचं नावच निघालं नाही.

"महा पोरगा कुठी आहे?" ती म्हणाली. "हात जोडते तुम्हाले. महा पोरगा कुठी आहे?"

रंगरावाने इंद्रभानकडे पाहिलं. इंद्रभानने बशीतल्या चहाकडे पाहिलं. पोराचं काहीतरी करून हे दोघं इथे चहा पिताहेत, असं तिला वाटलं.

रंगरावाने कप खाली ठेवला. त्याने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, बाजारात बैलाकडे पाहतात तसं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "आमच्यापाशीच आहे, बाई. खुशाल आहे. पण त्यानं नाही ते पाह्यलं. तुम्हीबी आत्ता पाहून आल्या, दिसून राह्यलं मले."

"मी कोणाले नाही सांगत. तोबी नाही सांगणार."

"तसं सगळेच म्हणतात." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "पाहा, उद्या पोलीस आले त गाडी कोणाच्या नावावर? तुमच्या. गाडीत बसून कोण आलं? तुमचा पोरगा. फौजीच्या बायकोनं दारूचा धंदा काढला म्हणतीन लोक. मी म्हणतो, ती झंझटच नको. गाडी मले विकली असं लिहून द्या. मंग पोऱ्याले ठेवून मी काय करू? सकाळी घरी पोचते तो."

"एकदा दाखवा मले त्याले. लांबून दाखवा."

"लई दूर आहे तो. आन् जेवढा उशीर होईन तेवढं त्यालेच अवघड आहे. काऊन बे इंद्रभान?"

"हाव," इंद्रभान म्हणाला. त्याचा आवाज जरा चाचरला, पण जनकाबाईला तेवढं ऐकू येण्याची शुद्ध नव्हती.

बाहेर कोपऱ्यावर एक हवालदार उभा होता. ती त्याच्याकडे बघते आहे हे पाहून रंगरावानेच त्याला हाक मारली, चहा पाजला आणि बायकापोरांची खुशाली विचारली. हवालदार मिशा पुसत निघून गेला. मग कागद निघाला. रंगरावाच्या मुनिमाने चार ओळी खरडल्या आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे सरकवली.

"सही येते मले," जनकाबाई म्हणाली.

सहदेव सुट्टीवर यायचा तेव्हा पाटीवर गिरवून घ्यायचा तिच्याकडून. तिने टाक घेतला आणि एकेक अक्षर काढलं, जनकाबाई सहदेव सरकटे. लुटून घेताना का होईना, तिला अंगठाबहाद्दर व्हायचं नव्हतं. कागद देताना तिला जीपचं काहीच वाटलं नाही. आणखी काही मागितलं असतं तर तेही तिने दिलं असतं, अंगावरचं लुगडंसुद्धा.

एसटीत ती खिडकीशी बसली. मोताळा गेलं, राजूरचा घाट लागला. घाटाच्या प्रत्येक वळणावर ती खाली दरीत बघत होती आणि बघायची भीतीही वाटत होती. एका ठिकाणी झुडपात काहीतरी पांढरं दिसलं आणि तिने खिडकीचा गज घट्ट धरला. ते शेरडू निघालं. शेजारच्या बाईने विचारलं, "मळमळून राह्यलं का व?" तिने मान हलवली. भाकरीचं फडकं अजून मांडीवर होतं. ते सोडलं तर पोराचं वाईट होईल असं तिच्या मनाने घेतलं होतं, म्हणून ती दिवसभर उपाशीच होती.

साखरखेर्ड्याला पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. घराचं कुलूप निघालेलं, आणि दाराला आतून कडी. तिने दार ढकललं.

"कोण?" आतून दबका आवाज आला.

तिने दार नुसतं वाजवलं. बराच वेळ काही हाललं नाही. मग कडी निघाली आणि फटीतून जानरावने बाहेर पाहिलं. तो कणगीमागे लपून बसला होता. तोंड उतरलेलं, तळपाय चिरलेले, धोतराच्या चिंध्या बांधलेल्या.

"माय," तो म्हणाला, आणि तिने काही विचारायच्या आत घडाघडा बोलायला लागला. "गाडी गेली, माय. मी सोडून पळालो. त्यायनं रस्त्यानंच आणली, डबे भरले, मी बोललो त दम देल्ला. काल रात्री चिखलीले चहाले थांबले. मी मांगं झोपेचं सोंग घेतलं होतं. तो इंद्रभान संगच्या माणसाले म्हणे, घाट आला का या पोट्ट्याले उतरवू. कसं उतरवू ते नाही बोलला. मी तसाच सरकलो आन् वावरावावरानं पळत आलो. तुले काय तोंड दाखवू मी? बाबाचा सगळा पैसा होता तो."

जनकाबाई उंबऱ्यात खाली बसली. "चिखलीपासून तू त्यायच्यापाशी नव्हता?"

"नव्हतोच. दुपारपासून अथीच आहो."

रंगरावाने इंद्रभानकडे पाहिलं होतं ते तिला आत्ता समजलं. पोरगा कुठे आहे, हे रंगराव त्याला विचारत होता आणि त्यालाही ठाऊक नव्हतं. तिच्या भीतीनेच रंगरावाला भाव सांगून टाकला होता. तिला इतका संताप आला की हातातलं फडकं तिने पिळून काढलं, आत भाकरी आहे हेही विसरून.

"जीप मी लिहून देल्ली त्याले," ती म्हणाली.

"काऊन?"

"तुले सोडवाले."

जानराव म्हणाला, "म्हणजे माल जवळ नसताना सौदा केला त्यानं. मलेच इकलं तुले. तुले ठाऊक असतं त?"

"ठाऊक असतं त जीपमधी बसली असती मी. त्याच्या बापाले उतरवता आली नसती." आणि हे ती अगदी खरं बोलली.

मग तिने त्याचा पाय मांडीवर ओढून घेतला. चिंध्या सोडल्या. टाचेत काटा होता, तो तिने नखाने काढला. पोराने पाय मागे घेतला, तो तिने परत ओढला. तळव्यावरून हात फिरवत ती म्हणाली, "इकला त इकला. माल घरी पोचला महा."

रस्त्यावर कुठेतरी मोटार वाजली आणि दोघंही दचकले. जनकाबाईने उठून कडी लावली, दाराला पाटा टेकवला आणि तोंडात पदर कोंबून ढसाढसा रडली.