दाऑनच्या गुडघ्यातली पट्टी

मी एक जुनी धातूची पट्टी आहे. करंगळीच्या नखाहून थोडी मोठी, दोन भोकांची. मित्रांनो, मला एकच काम येतं, धरून ठेवायचं. सोडणं येत नाही.

समुद्रकाठच्या थोंगयंग गावातल्या दाऑनची हाडं जन्मापासूनच नीट वाढत नव्हती. नवव्या वर्षी तिचा डावा गुडघा इतका आत वळला की चालताना उजव्यावर आपटे. बुसान शहरातल्या डॉक्टर प्यो बाईंनी मला त्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला, हाड जिथून वाढतं तिथे, दोन स्क्रूंनी बसवलं.

"ही आतली बाजू थोपवील," त्या दाऑनच्या आईला म्हणाल्या. "बाहेरची वाढत राहील, आणि पाय सरळ होईल. पण दर तीन महिन्यांनी दाखवायला या. सरळ झाला की हिला लगेच काढायचं."

सव्वा वर्षात पाय सरळ झाला. शाळेच्या खेळांत दाऑन पहिल्यांदाच धावली. शेवटून दुसरी आली. घरी येऊन तिने आईचा हात धरून गुडघ्यावर ठेवला. "हिच्यामुळे धावले, आई." इतकं कौतुक माझं कुणीच केलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तपासणीची तारीख होती. आई शिंपल्यांतली कालवं सोलायच्या कामाला जाई, आणि हंगाम नुकताच लागला होता. "पाय तर सरळ झालाय," ती म्हणाली. "हंगाम उरकला की जाऊ." हंगाम उरकला. मग बाबांची बोट दुरुस्तीला निघाली. पुढे तारीख कुणाच्या लक्षातच राहिली नाही.

मी मात्र धरूनच होते. सरळ झालेला पाय आता हळूहळू बाहेर वाकू लागला. मला ते कळत होतं. स्क्रू सैल करायला मला हात नव्हते, हाक मारायला तोंड नव्हतं.

दाऑनलाही कळलं होतं. आंघोळीच्या वेळी ती पाय जुळवून पाही. गुडघ्यांमध्ये आधी बोट मावे, मग मूठ मावू लागली. ती ढगळ पँट घालू लागली.

दीड वर्षाने शाळेच्या बाईंना तिची चाल खटकली, तेव्हा मायलेकी बुसानला आल्या. डॉक्टरांनी एक्स-रेवर बाहेर वाकलेलं हाड दाखवलं.

"माझंच चुकलं," आई म्हणाली.

"मला माहीत होतं, आई," दाऑन म्हणाली. "पुन्हा कापतील म्हणून बोलले नाही."

आईने खाली वाकून लेकीच्या बुटाची नाडी बांधली. ती बांधलेलीच होती.

मला काढलं आणि नवी पट्टी बाहेरच्या अंगाला बसवली. मी डॉक्टरांच्या टेबलावरच्या बरणीत पडले. दाऑनने त्यानंतर एकही तारीख चुकवली नाही. पण तिच्या चौदाव्या वर्षी डॉक्टर म्हणाल्या, "हाड वाढायचं थांबलं. आता पट्टीच्या हातात काही नाही." पाय थोडा वाकडाच राहिला.

"धावता येईल?"

"थोडं येईल. पण दुखेल."

दाऑनने मान डोलावली.

मित्रांनो, बरं वाटू लागल्यावरच्या तारखाही पाळा. घरातलं धाकटं भावंड गप्प झालं, तर त्याच्याजवळ बसून विचारा. मला सांगता येत नव्हतं. तिला येत होतं, कुणी विचारलं असतं तर.