उघड्या कानांनी

डोरीनच्या दुकानातली बावीस बोअरची जवळजवळ सगळी पिस्तुलं हाताळून झाली, तरी आर्लो स्कोगेनच्या मनासारखं काही सापडेना.

"तुला नेमकं हवंय तरी काय?" डोरीनने विचारलं. नवरा गेल्यापासून दुकान तीच बघायची, आणि गिऱ्हाइकाला तोंडावर बोलायला कचरायची नाही. "सायलेन्सरची परवानगी आली ना एकदाची? मग आता का अडलायस?"

"आवाज नको मला."

"मग हे घे. नळी पक्की बसवलेली, तोंडाला आटे आहेतच. सायलेन्सरच्या वजनाने नेम ढळायचा नाही. हळू जाणारी गोळी घाल, नुसतं फुस्स होईल."

पिस्तूल रिकामं असल्याचं बघून आर्लोने मागचा भाग ओढला आणि सोडला. खटाक.

"हे वाजतंय."

"वाजणारच. दर गोळीला मागे जाऊन पुढे येतं ते. आता त्याला लोकरीचे मोजे घालू का?"

आर्लो हसला नाही. डोरीनने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि खालच्या कप्प्यातून एक जुनं, लांब नळीचं पिस्तूल काढलं. ते मधोमध दुमडून उघडायचं, एकच गोळी घालायची, बंद करायचं.

"ह्यात हलणारं काहीच नाही. पण आजकाल कोणी घेत नाही बघ. एक झाडा, उघडा, रिकामं काढा, दुसरी घाला. तोवर शेजारच्याने काय करायचं? नुसतं उभं राहायचं."

"तेच हवंय," आर्लो म्हणाला.

"कोण उभं राहणार आहे तुझ्या शेजारी?"

"जनेल येतेय. गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला."

सायलेन्सर बसायला नळीला आटे पाडून ठेवते, गुरुवारच्या आत ये, एवढंच डोरीन म्हणाली. आणि गोळ्या दिल्या त्या सगळ्यात हळू जाणाऱ्या, कारण कडाक्याच्या थंडीत जरा वेगाची गोळीही फटाक्यासारखी वाजते.

आर्लोची बायको बेव्ह गेल्यापासून त्यांची मुलगी जनेल वर्षातून एकदाच यायची. जेवणाच्या टेबलावर तो विचारायचा, ती "ठीक आहे" म्हणायची. नोकरी ठीक, घर ठीक, गाडी ठीक. समोरासमोर बसलं की दोघांचीही जीभ ताटाला चिकटायची. जेवण झालं की मात्र दोघं घरामागच्या कोरड्या ओहोळात जायची, टांगलेल्या लोखंडी चकत्यांवर नेम धरायची. ती लहान होती तेव्हापासूनची सवय. तिथे खांद्याला खांदा लावून, नजर समोर ठेवून उभं असताना आर्लोला वाटायचं, आता बोलता येईल. पण तोवर दोघांच्या कानांवर जाडजूड झाकणं चढलेली असायची.

एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. ती सांगण्यासाठीच त्याने हा सगळा खटाटोप केला होता.

गुरुवारी टर्की जरा कोरडी झाली होती. जनेलने तक्रार केली नाही, ग्रेव्ही मात्र दोनदा घेतली. ओहोळात पोचल्यावर तिने सवयीने पिशवीतून कानांची झाकणं काढली.

"राहू दे. ह्याला लागत नाहीत."

"डॅड, तू सायलेन्सर घेतलास? तू? जो अजून चिकटपट्टी लावलेला चष्मा घालतोस?"

"चष्मा चांगलाय अजून."

त्याने बार काढला. उशीवर थाप मारावी तेवढाच आवाज, आणि मग लांबून चकतीचा टणत्कार, कितीतरी वेळ रेंगाळणारा. जनेलने मान कलती करून ऐकला.

"इतकी वर्षं ही अशी वाजत होती?"

"असेल. कोणी ऐकलंय."

त्याने पिस्तूल तिला दिलं. ती उघडून गोळी घालेपर्यंत त्याने चकतीकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"तुझी आई खालावली त्या दिवशी मी तुला दुपारीच फोन करायला हवा होता. रस्त्यावर नुसता बर्फाचा थर होता. तू तशीच गाडी काढशील म्हणून... मी तुला मुद्दाम नाही कळवलं. सगळं संपल्यावर कळवलं."

जनेलची बोटं थांबली. वारा गवतातून जात होता, तोही ऐकू येत होता.

"मला वाटायचं तुला सुचलंच नाही," ती म्हणाली. "घाबरून विसरलास, असं धरून चालले होते मी. त्याचा राग नव्हता रे."

"आणि आता?"

"आता आहे." तिने पिस्तूल बंद केलं. "जायचं की नाही ते मी ठरवलं असतं, डॅड. माझी आई होती."

"हो."

"नुसतं हो म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

तिने नेम धरला, झाडली, हुकली. मग हात पुढे केला. त्याने खिशातून दुसरी गोळी काढून तिच्या तळव्यावर ठेवली. अंधारून येईस्तोवर ती झाडत होती आणि तो एकेक गोळी देत होता.

घरी आल्यावर तिने कोट काढलाच नाही. बाहेर बारीक बर्फ पडू लागला होता. आर्लोने खिडकीतून रस्ता पाहिला. राहा आजची रात्र, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"निघते," जनेल म्हणाली आणि त्याच्याकडे बघत थांबली.

"बरं," तो म्हणाला.

तिच्या गाडीचे लाल दिवे धान्याच्या कोठारापाशी वळून दिसेनासे झाले. मग त्याने फोन टेबलावर ठेवला, समोर खुर्ची ओढली आणि ती पोचल्याचं कळेपर्यंत बसून राहिला.