पडदा ओढलेला आरसा

लंब्याला नाच येत होता, त्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. नाच शिकवता येतो का, एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर आज संध्याकाळी मोठ्या बाई देणार होत्या. क्लास त्यांचाच. पास झाला तर संध्याकाळची बॅच लंब्याची, नाहीतर बस आणखी एक टर्म शिकाऊ म्हणून.

तो एकटाच शिकला होता. भाड्याच्या खोलीत, कपाटाच्या आरशासमोर. त्या खोलीत घरमालकिणीशिवाय कुणी यायचं नाही, आणि तीही यायची ती पाय आपटू नकोस म्हणायला. आरसा हाच गुरू, आरसा हाच प्रेक्षक. टाळ्या नाहीत, पण नावं ठेवणारंही कुणी नाही.

क्लासच्या शिक्षक घडवायच्या कोर्सात मनाचाही एक तास असायचा. समोरच्याचा चेहरा कसा वाचायचा, धीर कसा द्यायचा, वगैरे. त्यात लंब्याचे मार्क सगळ्यात जास्त. ‘कुणी थांबलं तर आधी विचारा’ हे त्याला पाढ्यासारखं पाठ होतं.

"तुझं उलटंच आहे," बरोबर शिकणारी चिमणी म्हणायची. "लोकांना नाचता येईना, अंगण वाकडं. तुला नाचता येतं, पण अंगणात माणसं नकोत."

क्लासची एक रीत होती. परीक्षेच्या दिवशी बाई भिंतभर आरशावर पडदा ओढायच्या. शिकवणाऱ्यानं वर्गाकडे तोंड करायचं आणि स्वतःच आरसा व्हायचं. म्हणजे तोंडानं ‘उजवा’ म्हणायचं आणि पाय डावा उचलायचा. नवशिक्यांची गाडी इथेच घसरते. दुपारी चिमणीची परीक्षा झाली, तेव्हा तिचीही घसरली होती. लंब्यानं मात्र हे झोपेतसुद्धा चुकणार नाही इतकं घोटलं होतं. हसूही घोटलं होतं, किती दात दिसले की बरं दिसतं ते बघून.

वर्ग नोकरीवरून थेट येणाऱ्यांचा. पुढे बँकेतल्या काकू, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच.

"उजवा पुढे," लंब्या म्हणाला आणि डावा उचलला. बरोबर. मग वळण, तेही बरोबर. फक्त बघायचं कुठे ते कळेना. पाठीमागे पडदा, समोर माणसं. शेवटी त्यानं माणसांच्या मागच्या भिंतीवरच्या पंख्यावर नजर धरली आणि पंख्यालाच शिकवत सुटला.

काकू थांबल्या. लंब्याला पाढा आठवला. "काय झालं काकू? जमेल तुम्हाला. छान करताय."

"मला जमतंय रे," काकू म्हणाल्या. "पण तुझ्याकडे बघून माझाच जीव वरखाली होतोय. घाबरलायस का बाळा?"

सगळे थांबले. कुणी हसलं नाही. दुसऱ्या रांगेतून कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही.

लंब्यानं घोटलेले दात दाखवले. "छे हो काकू, मी कशाला घाबरू? चला, परत पहिल्यापासून."

बाटली मागे गेली. त्यानंतर वर्ग शहाण्या मुलांसारखा नाचला. कुणी काही विचारलं नाही, कुणी कुरकुरलं नाही.

सगळे गेल्यावर बाई पडदा सारत म्हणाल्या, "पावलं चोख होती."

"मग?"

"बॅच चिमणीला देतेय."

"ती डावा-उजवा चुकली बाई. मी बघितलंय."

"चुकली. आणि ‘मेले, माझंच चुकलं’ म्हणाली. मग सगळ्यांनी मिळून सरळ केलं."

"म्हणजे शिकवणाऱ्यानं भीती वाटते असं सांगायचं?"

"सांगायचं का नाही ते तुझं तू बघ. पण तू खोटं बोललास हे त्यांना कळलं रे. उद्या काकूंचा गुडघा दुखला तरी त्या तुला सांगायच्या नाहीत. आणि तू नाचवत बसशील त्यांना." बाईंनी दिवे बंद करायला घेतले. "पुढची टर्म याच बॅचमध्ये उभा राहा. शिकवायला नको, नाचायला."

लंब्याला राग आला. खोलीवर जाऊन तो बराच वेळ कपाटाकडे पाठ करून बसला. फोन करून सांगावं असं कुणी आठवेना.

तरी तो गेला. शेवटच्या रांगेत उभा राहिला. चिमणी पुढे गोंधळली, सगळे हसले, तिला हात करून बाजू दाखवायला लागले. लंब्याकडे कुणी वळून बघितलं नाही. शेजारी औषधाच्या दुकानातला एक नवीन माणूस होता, घामानं भिजलेला.

"तुम्हाला सगळं येतं वाटतं," तो म्हणाला.

"पावलं येतात," लंब्या म्हणाला. मग म्हणाला, "पण माणसांत उभं राहायची भीती वाटते मला."

माणूस पुढे बघून पाऊल टाकायला लागला. गाणं सुरू झालं होतं, बहुतेक त्याला ऐकूच गेलं नसावं. लंब्यानं ठरवलं, गाणं संपलं की परत सांगायचं. जरा मोठ्यानं.