राज्यगीताचा खालचा आवाज

सरकारनं यंदा नियम काढला, सरकारी शाळेच्या प्रत्येक सामन्याआधी राज्यगीत झालंच पाहिजे. आमच्या शाळेचा बँड कधीच बंद पडलाय, म्हणून मुख्याध्यापिका केंड्रा माझ्याकडे आली. मी विलर्ड श्राग, वय चौऱ्याहत्तर, चर्चमध्ये गाऊन गाऊन म्हातारा झालेला माणूस. माझी बायको एल्वेरा गेली, त्यानंतर दीड वर्षात मला कुणी कशाला विचारलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. आढेवेढेसुद्धा घेतले नाहीत.

सामने दर शुक्रवारी. चार शुक्रवार गायलो. राष्ट्रगीताला लोक टोप्या काढून ताठ उभे, आणि माझं सुरू झालं की निघाले हॉट डॉगच्या रांगेत. राज्यगीताला उभं राहायचं की नाही, ते म्हणे नियमात लिहिलेलंच नाही. वा रे वा.

पाचव्या शुक्रवारी माईकपाशी केंड्रानं मला गाठलं.

"विलर्डकाका, रागावू नका. पालक विचारतात, आजोबा हे कुठलं गाणं म्हणतात?"

"कुठलं म्हणजे? राज्यगीत. दुसरं काय म्हणणार?"

"शब्द तेच आहेत हो. पण चाल ओळखूच येत नाही. आज एकदा बघू, नाहीतर पुढच्या वेळेपासून रेकॉर्ड लावते."

मी तिच्यावर खेकसणारच होतो, तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती. आमच्या चर्चमध्ये वाद्य नाही, सगळी माणसं चार आवाजांत गातात, म्हणजे शब्द तेच, पण एकाच वेळी चार वेगवेगळ्या सुरावटी. आवाज फुटला की बापाशेजारी बसून खालचा आवाज शिकायचा आणि मरेपर्यंत तोच गायचा. गाण्याची मूळ चाल बायकांकडे. राज्यगीतही आम्ही असंच गायचो, एल्वेरा माझ्या डाव्या हाताला उभी राहून चाल गायची. म्हणजे चार शुक्रवार मी नुसता पाया घालत होतो, वर घर नव्हतंच. आणि मला मेल्याला ते कळलंही नाही, कारण माझ्या कानात ती गातच होती.

आता काय करायचं? शुक्रवार हातचा गेला तर परत घरी भिंतींशी बोलत बसायचं. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

एल्वेराची चाल मला पाठ होती. गायलो मात्र कधीच नव्हतो. मी माईक धरला आणि तिची चाल गायला लागलो.

पहिल्याच ओळीला रांगेतली माणसं वळली. दुसऱ्या ओळीला उभी राहिली. शेवटच्या कडव्याला तर अख्खं मैदान माझ्याबरोबर गात होतं, सगळे चालच गात होते. केंड्रानं येऊन माझा हात दाबला.

"आता कसं, काका. शुक्रवार तुमचाच."

मी मान डोलावली. माझी जागा राहिली, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पण गाताना मी सवयीनं डावीकडे कान दिला होता, आणि तिकडून पहिल्यांदाच काही ऐकू आलं नाही. तिचा आवाज मीच घेऊन बसलो होतो.