मागच्या पानावरची चिठ्ठी

"चिठ्ठी चिकटवल्याशिवाय मी पुस्तक परत घेत नाही," असं म्हणत ग्रंथपाल बाईंनी डिंकाची बाटली त्याच्यापुढे सरकवली. "तुमचे वडील स्वतः चिकटवायचे. आज तुम्ही आलात, तर तुम्ही चिकटवा."

पुस्तकं दोन होती. एक कॉलेजातल्या मुलांची कादंबरी, दुसरं एका कारखानदाराचं आत्मचरित्र. सकाळी वडिलांनीच ती पिशवीत घालून दिली होती. माझा गुडघा काही ऐकत नाही, कारखान्यात जाता जाता देऊन टाक, असं म्हणाले होते. त्यानेही मान डोलावली होती.

कारखाना बंद होऊन महिना झाला होता. बुटांची खोकी बनवणारी दोन्ही यंत्रं दुसऱ्याच्या शेडमध्ये गेली होती. तो मात्र रोज इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन घरातून निघायचा आणि याच लायब्ररीच्या वाचनकक्षात, काचेपलीकडच्या शेवटच्या टेबलाशी संध्याकाळपर्यंत बसायचा. वडील इथे नुसती पुस्तकं बदलून जातात, असंच त्याला वाटायचं. आज सांगू, असं रोज घराकडे परतताना ठरायचं. वडिलांनी दार उघडलं की राहून जायचं.

त्याने कादंबरीचं मागचं पान उघडलं. वाचून झालं की आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं आणि तिथे चिकटवायचं, ही या लायब्ररीची जुनी रीत. पुढच्याला आधीच कळावं, आपल्या नशिबात काय वाढून ठेवलंय ते.

"लिफ्टवाल्या काकांच्या चिठ्ठ्या वाचायला लोक पुस्तकं नेतात," बाई म्हणाल्या. "चिठ्ठी वाचतात आणि पुस्तक तसंच परत आणतात."

वडिलांचं अक्षर ठसठशीत होतं. लिफ्टदुरुस्तीच्या नोंदी लिहून लिहून झालेलं.

'मुलं गोड आहेत, पण तीनशे पानांत एकानेही कपडे धुतलेले नाहीत. रात्रभर गच्चीवर बसून आयुष्यावर बोलतात आणि सकाळी पहिल्या तासाला हजर. आई-बाप यांना सुट्टी लागल्यावरच आठवतात. तरी वाचावं. आपलं पोर तिकडे काय करत असेल, याचा थोडा अंदाज येतो.'

त्याला हसू आलं. "हे आता कशाला वाचतात? मला वसतिगृह सोडून बारा वर्षं झाली."

"ही दुसऱ्यांदा नेली होती. तुम्ही तिकडे शिकत होतात तेव्हा असल्या कादंबऱ्यांचं अख्खं कपाट संपवलं त्यांनी. मग तुम्ही धंदा काढलात, तर निघाले शेजारच्या कपाटाकडे. एकही कारखानदार सोडला नाही."

त्याने दुसरी चिठ्ठी उलगडली. वडिलांना वाचताना त्याने जन्मभर पाहिलं होतं, पण काय वाचताय, असं कधी विचारलं नव्हतं.

'पहिल्या पानावर फाटका खिसा, शेवटच्या पानावर विमान. बायको एकदाच येते, तीही आभारात. चौथ्या प्रकरणात धंदा बुडतो, तो दहा ओळींत उरकलाय. त्या संध्याकाळी हा माणूस घरी कसा गेला, ते लिहायला हवं होतं. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं मी चाळीस वर्षं बाहेर काढली. आतल्याला घाईने ओढायचं नसतं. लिफ्ट मजल्याला लागेपर्यंत दाराशी उभं राहायचं. बाहेर आपलं कुणी आहे, एवढं त्याला कळलं की पुरतं.'

डिंकाचा थेंब पानावर पसरला. त्याने तो बोटाने पुसला.

"गुडघा कसा आहे आता काकांचा?" बाईंनी विचारलं.

"तसाच. जिना चढवत नाही म्हणतात."

"नवलच आहे. शेवटचे आले तेव्हा तर तीन जिने धडाधड उतरून गेले. ही पुस्तकं घेतली, नेहमीसारखे आत बसायला निघाले, काचेपाशी थांबले आणि तिथूनच मागे फिरले. मी हाक मारली तरी थांबले नाहीत."

"कधी?"

बाईंनी पुस्तकावरचा शिक्का पाहिला. "तीन आठवडे झाले. बुधवार होता. तोवर त्यांचा बुधवार कधी चुकला नव्हता ना."

गुडघ्याची तक्रार त्याच बुधवारी संध्याकाळी सुरू झाली होती. मलमही त्यानेच आणून दिलं होतं.

त्याने चिठ्ठीवरून अंगठा फिरवला, कडा नीट बसल्या का ते पाहिलं. मग वाचनकक्षात जाऊन खुर्चीवरचा डबा उचलला आणि तो घरी निघाला.

दुपारचे बाराही वाजले नव्हते. वडील लगबगीने दार उघडायला आले आणि मग आठवल्यासारखा त्यांनी भिंतीला हात लावला. इतक्या लवकर कसा, असं त्यांनी विचारलं नाही.

"दिलीस पुस्तकं?"

"दिली. चिठ्ठ्याही चिकटवल्या."

"वाचल्यास?"

"डोळे मिटून कशा चिकटवणार?"

वडील त्याच्या हातातल्या डब्याकडे पाहत राहिले.

"बाबा, चला. नवीन पुस्तकं तुम्हीच निवडा. मला त्यातलं काही कळत नाही."

"अरे, पण हा गुडघा..."

"बरा आहे, असं बाई सांगत होत्या."

वडिलांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. "त्या बाईच्या पोटात काही राहायचं नाही," असं म्हणत ते बूट घालायला खाली बसले.

दोघं निघाले. औषधांचं दुकान मागे पडलं, मग शाळेची भिंत.

"कारखाना बंद केला, बाबा. महिना झाला."

"हं."

"सांगायचं होतं."

"हं."

चौक आला. लायब्ररी समोरच, पाच मिनिटांवर. वडील डावीकडे वळले. तो रस्ता अख्ख्या मैदानाला वळसा घालून जायचा.

"इकडून कुठे? लांब पडेल."

"पडू दे," वडील म्हणाले आणि त्याच्या हातातून डबा आपल्याकडे घेतला. "हं, सांग. अगदी पहिल्यापासून सांग."