कस्तुराचा पाळणा

“नाव बदललं म्हणून गाणं बदलतं होय गं?” आम्रपाली धाकट्या बहिणीवर वैतागली. फुलांनी पाळणा सजला होता, सांगवीच्या त्या घरात पाहुणे दाटले होते आणि आम्रपालीच्या लॅपटॉपमधून आवाज म्हणून फुटत नव्हता.

त्या धाकटीने, पिंकीने, आदल्या दिवशी गाण्याच्या फाइलच्या नावाचं शेपूट पुसून तिथे ‘एमपी थ्री’ लिहिलं होतं. तिला वाटलं, आता मोबाइलवरही वाजेल. बारसं तिच्याच लेकीचं.

या दोघींची आजी कस्तुरा पाळण्यापाशी बसली होती. चिंचवडच्या कंपनीत पॅकिंगला ती आणि मी शेजारी उभ्या असायचो. पट्टा थांबला की ती गायची, मी मागून झील ओढायचे. आमच्या वस्तीतलं एकही बारसं तिने रचलेल्या पाळण्याशिवाय झालं नाही. पुढे तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता कुजबुजीएवढाच आवाज उरलाय.

तो पाळणा एकदाच रेकॉर्ड झाला, आमच्या विहारात. वस्तीतला निरंजन परदेशात गेला होता, तिथल्या मराठी माणसांसाठी इंटरनेटवर रेडिओ चालवायचा; त्याच्यासाठीच. तेव्हा नेटवरून गाणं ऐकवायचा एका कंपनीचा फाइलचा खास साचा होता, तिच्याच प्लेअरवर वाजणारा. रेडिओ बंद पडला, तो प्लेअरही कुणाकडे राहिला नाही. राहिली ही फाइल.

“तुझं ते फुकटचं लिनक्स!” आम्रपालीचे यजमान सिद्धेश हसले. “थांब, माझ्या विकतच्या सिस्टिमवर लावतो.”

त्यांच्या लॅपटॉपवर आलं, ‘फाइल खराब आहे.’

“बघितलं विकतचं?” आम्रपाली म्हणाली. महाळुंग्याला कंपनीत ती कॉम्प्युटरचंच बघते. तिने फाइल आतून तपासली. “आजी, खराब नाही गं. जुना साचा आहे. तो उलगडणारं सॉफ्टवेअर लोकांनी मिळून लिहून ठेवलंय. कायद्याची भानगड नको म्हणून लिनक्ससोबत देत नाहीत, आपणच घालायचं. सिद्धेश, हॉटस्पॉट दे.”

कस्तुराने माझा हात धरला. “कुसुम, न्हाई लागलं तर तू म्हण.”

“मी? लेकरू उठून पळंल की!”

ती हसली, पण हात सुटेना.

सॉफ्टवेअर उतरलं, आधी खरखर आली. मग ढोलकी. आणि मग तो खणखणीत आवाज: ‘निज गं लेकी निज, भोंगा व्हायचा हाय अजून...’

मागून मी झील ओढत होते, बेसूर. सिद्धेशनीच उठून आवाज वाढवला. जिन्यातल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. “ही आमची आजी बरं का!” पिंकी प्रत्येकीला सांगत सुटली. कस्तुराची मान ताठ झाली होती.

नाव ठेवायच्या जागी गाणं थांबलं, नुसती ढोलकी राहिली. बाळाची आत्या विजयश्री पाळण्यावर वाकली आणि मागे सरली.

“आजी, माझा मान तुम्हाला. नाव तुम्हीच ठरवा, तुम्हीच सांगा.”

कस्तुरा वाकली. कानात नाव सांगायला मोठा आवाज लागत नाही. अख्खी खोली टाचा उंचावून उभी होती आणि ते नाव त्या घडीला तिच्याखेरीज एकट्या बाळालाच ठाऊक होतं.